खायचा सोडा, ओटीजी आणि रीफ टँकचा केएच

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्यातला प्रवाळांचा टँक, आणि त्याच्या पाण्याचा केएच (अल्कलिनिटी) घरी खायच्या सोड्याने कसा वाढवायचा त्याची ही गोष्ट. हे लिहितेय कारण मी शोधत होते तेव्हा जे मिळालं ते सगळं गॅलन, कप आणि फॅरनहाइटमध्ये होतं, आणि आपल्याकडे कुठला सोडा घ्यायचा, पाणी कुठलं वापरायचं, ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, सोडा भाजायला जमतं का, हे कोणीच सांगत नव्हतं. तर माझं कसं झालं ते क्रमाने सांगते, ज्यांना फक्त रेसिपी हवीय त्यांनी सरळ मधल्या भागात उडी मारा.

टँक तीन फुटी, खाली छोटा संप, म्हणजे पाणी फिरवायची जोडटाकी. काचेच्या मापाने हिशेब केला तर दोनशे लिटरच्या आसपास येतो पण दगड आणि वाळू बरीच जागा खातात, प्रत्यक्ष पाणी साधारण १७० लिटर धरते. आत दोन क्लाऊनफिश, गोगलगायी, श्रिंप आणि कोरल (प्रवाळ) सगळे सॉफ्ट, म्हणजे मऊ: लेदर, मश्रूम, झोआ. हार्ड कोरल मुद्दाम नाहीत. भारतात रीफ बांधणारे सगळे कडक प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच पंगतीत. दुकानात "हार्ड पण आहे मॅडम, आतल्या टँकमध्ये" असं सांगणारे भेटतात, आपण हात जोडायचे आणि निघायचं. शिवाय २०२४ च्या नव्या नियमांनी साईटीस या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या यादीतले प्राणी घरात असतील तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, म्हणून मी एका संध्याकाळी बसून माझ्याकडचं एकेक नाव यादीत शोधलं. एकही निघालं नाही तेव्हा बरं वाटलं. तुम्ही पण बघून घ्या, कंटाळवाणं काम आहे पण तासाभरात होतं.

आता मुद्दा. २०२४ च्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात केएच मोजला तर ७ आला. मार्चमध्ये साडेआठ होता. केएच म्हणजे अल्कलिनिटी, पाण्यात कार्बोनेट-बायकार्बोनेट किती आहे त्याचं माप, एकक डीकेएच. समुद्रात साधारण ७ असतो, टँकमध्ये लोक ७ ते ९ च्या मध्ये कुठेतरी स्थिर ठेवतात. म्हणजे ७ हा आकडा काही भयंकर नाही, पण तो खाली खाली जात होता ते मला आवडेना. सॉफ्ट कोरलच्या टँकला अल्कलिनिटी लागतच नाही असं सांगणारे खूप भेटतील, पण माझ्या मागच्या काचेवर जांभळ्या-गुलाबी कोरलाईन अल्गीचा (एक प्रकारच्या कडक शेवाळाचा) थर एवढा वाढलाय की काच दिसत नाही, आणि ती अल्गी, गोगलगायींचे शंख, लेदर कोरलच्या आतले बारीक काटे, सगळं कॅल्शियम कार्बोनेटचंच असतं.

कॅल्शियम मात्र ४१० पीपीएम (दहा लाखात भाग) होतं, जवळपास होतं तिथेच. याचं आधी आश्चर्य वाटलं मग गणित केल्यावर कळलं. कॅल्शियम कार्बोनेट तयार होताना दर २.८ डीकेएचमागे कॅल्शियम फक्त २० पीपीएम जातं. केएचच्या एकूण सात-आठमधून २.८ गेले तर तिसरा हिस्सा गेला, आणि चारशेतून वीस गेले तर टेस्ट किटला दिसतही नाही. म्हणून बोंब नेहमी केएचची आधी होते.

पहिला विचार अर्थातच केएच वाढवणारी तयार बाटली आणायचा. अर्धा लिटर, सोळाशे रुपये. ऑर्डर टाकली, आठवड्याने मेसेज आला की माल संपलाय, पुढची शिपमेंट कधी ते सांगता येत नाही, पैसे परत यायला आणखी दहा-बारा दिवस. दुसरीकडे विचारलं तर तिथे होती पण लेबलवर एक्स्पायरीची तारीख खरवडलेली. तेव्हा म्हटलं बास, बाटलीत असतं तरी काय. आणि वाचायला बसले.

बाटलीत बहुतेक वेळा सोडाच असतो. रँडी होम्स-फार्ली नावाचा अमेरिकन केमिस्ट आहे, रीफवाल्यांमध्ये प्रसिद्ध, त्याने घरी करायची दोन भागांची रेसिपी बऱ्याच वर्षांपूर्वी देऊन ठेवलीय, एक भाग कॅल्शियमचा, एक अल्कलिनिटीचा. अल्कलिनिटीचा भाग म्हणजे ५९४ ग्रॅम खायचा सोडा भाजून एका अमेरिकन गॅलनमध्ये विरघळवायचा. गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, तर आपल्या हिशेबाने लिटरला १५७ ग्रॅम. हा आकडा लिहून ठेवा, बाकी सगळं यावर आहे.

भाजायचा कशाला? दोन कारणं. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तो साध्या तापमानाला लिटरमध्ये शंभर ग्रॅमच्या आतच विरघळतो, १५७ विरघळणारच नाही. भाजला की त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साईड उडून जातो आणि सोडियम कार्बोनेट उरतं, ते बरंच जास्त विरघळतं. दुसरं म्हणजे कार्बोनेट टँकचा पीएच थोडा वर नेतं, न भाजलेला सोडा किंचित खाली. पावसाळ्यात आमच्या खिडक्या दिवसभर बंद, घरात माणसं चार, हवेत कार्बन डायऑक्साईड जास्त, सकाळी पीएच ७.८ दिसायचा. मला वर नेणाराच हवा होता. ज्यांचा पीएच आधीच ८.४ वगैरे असेल त्यांनी न भाजता निम्म्या ताकदीचं करावं, लिटरला ७८ ग्रॅम, तेही चालतं, फक्त डोस दुप्पट द्यायचा.

मग खरेदी. किराणाच्या काकांना सोडा मागितला तर त्यांनी तीन वस्तू काउंटरवर ठेवल्या: सुटा खायचा सोडा, पापडखार आणि बेकिंग पावडरचा डबा, "यातलं कुठलं पाहिजे बघा ताई". बेकिंग पावडर अजिबात नाही, त्यात आम्लाचे क्षार आणि स्टार्च असतो, बऱ्याचदा फॉस्फेटही, म्हणजे टँकमध्ये शेवाळाला आमंत्रण. पापडखार नाही, त्यात नक्की काय आणि किती हे पाकिटावरून कळत नाही. इनो पण नाही (हो, एकाने मला सुचवलं होतं), त्यात सायट्रिक ॲसिड असतं. सुटा सोडा बहुधा ठीकच असतो पण पोत्यावरचं लेबल आपण पाहिलेलं नसतं. मी बंद डबा घेतला, घटकांमध्ये फक्त सोडियम बायकार्बोनेट आणि आयएनएस ५००(ii) लिहिलेलं, दुसरं काहीही नाही. शंभर ग्रॅमचे दोन डबे, साठ रुपयांच्या आत. धुण्याचा सोडा म्हणजे कार्बोनेटच, मग तोच का नको, असं मलाही वाटलं होतं, पण तो खाण्याच्या दर्जाचा नसतो आणि त्याच्या खड्यात पाणी किती अडकलंय ते माहीत नसतं, म्हणजे वजनाला अर्थच राहत नाही.

वजनावरून आठवलं. काटा. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या पुढचं दाखवत नाही, तो १५७ ग्रॅमला पुरतो पण मला दुसऱ्या एका कामाला बारीक काटा हवा होता म्हणून ०.०१ ग्रॅमवाला पॉकेट काटा मागवला, साडेतीनशे रुपये. तो यायला आठवडा लागला. तोपर्यंत काही केलं नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतेय, चमच्याने मोजून सुरुवात करू नका. सोडा दाबून भरला की भुरभुरीत भरला यावर चमच्यातलं वजन चांगलंच बदलतं.

दुसरं काम म्हणजे टेस्ट किट तपासणं. माझं थेंबवालं किट होतं, उन्हाळाभर कपाटात पडलेलं, एप्रिल-मे मध्ये ते कपाट काय तापतं ते पुणेकरांना सांगायला नको. किट बरोबर दाखवतंय का हे कसं कळणार? तर यालाही सोडाच. एक लिटर शुद्ध पाण्यात २.५२ ग्रॅम न भाजलेला सोडा विरघळवायचा. त्यातलं १०० मिली घेऊन परत शुद्ध पाण्याने एक लिटर करायचं. या पाण्याचा केएच बरोब्बर ८.४ असायला हवा. मग ते नेहमीसारखं किटने मोजायचं. माझ्या किटने ९ दाखवला. पुन्हा केलं, परत ९. म्हणजे किट ०.६ जास्त दाखवत होतं आणि टँकचा जो ७ मला ठीकठाक वाटत होता तो खरा ६.४ होता. एका मित्राकडे हॅना कंपनीचा डिजिटल चेकर आहे, दहा मिली पाणी आणि एक मिली रिएजंट (तपासणीचं रसायन) टाकून थेट आकडा देतो, त्यावर टँकचं पाणी नेऊन पाहिलं, ६.५. सुटलो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे, द्रावण बनवणं त्यापुढे काहीच नाही. किट चुकीचं असेल तर कितीही सुंदर द्रावण बनवा, डोस चुकणारच.

पाणी. घरचा प्यायचा आरओ वापरायचा नाही. आमच्या घरच्यात टीडीएस (पाण्यातले विरघळलेले क्षार) वाढवणारा स्क्रू आहे आणि वर कॉपरचं कार्ट्रिज, म्हणजे पाण्यात मुद्दाम तांबं सोडायचं. माणसाला चालतं, श्रिंप, गोगलगायी आणि कोरलला तांबं म्हणजे विष. टँकसाठी माझ्याकडे वेगळा आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन आहे, मीटरवर टीडीएस शून्य येतो, तेच घेतलं. शून्यच का हवा? नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात कॅल्शियम असतं, त्यात कार्बोनेट टाकलं की पांढरं गढूळ होतं आणि तळाशी चुना बसतो. बॅटरीत घालायचं पाणी चालेल असं कोणीतरी म्हणालं होतं, मी त्या वाटेला गेले नाही.

२० जुलै, शनिवार, भाजायचा दिवस. ओटीजी सासूबाईंचा, नानकटाईसाठी घेतलेला. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं पण सोडा भाजून कोण खातं?" मी म्हटलं, "खायला नाही आई, माशांना." त्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मी पुढे स्पष्टीकरण दिलंच नाही. ओटीजीसोबत येणारा ॲल्युमिनियमचा ट्रे वापरला नाही कारण कार्बोनेट आणि ॲल्युमिनियमचं जमत नाही, ओलं झालं की धातू खातं. काचेचं बेकिंगचं भांडं घेतलं, १५७ ग्रॅम सोडा पातळ पसरला, १५० अंश, दोन्ही रॉड चालू, एक तास. वास येत नाही, धूर येत नाही, रंग बदलत नाही, काही होतंय असं वाटतच नाही. पण वजन बोलतं. पूर्ण भाजला गेला तर वजन ३७ टक्के कमी होतं, म्हणजे १५७ चे ९९ ग्रॅम व्हायला हवेत. तासाने काढून मोजलं तर १०६. घरगुती ओटीजीच्या डायलवरचे आकडे फार मनावर घ्यायचे नसतात. हलवून परत अर्धा तास ठेवलं, ९९. आणखी दहा मिनिटं ठेवून पाहिलं, तेवढंच. झालं. खरं तर थोडा कच्चा राहिला असता तरी अल्कलिनिटी तेवढीच मिळाली असती, कारण भाजताना सोडियम कुठे जात नाही, फक्त पीएचचा परिणाम जरा कमी झाला असता आणि विरघळायला कुरकुर केली असती. म्हणून ग्रॅमभर इकडेतिकडे झालं तर जीवाला लावून घेऊ नका.

काचेचं भांडं एकदम ओल्या ओट्यावर ठेवू नका, तडकेल. आणि भाजलेली पावडर उघडी ठेवू नका, पावसाळी हवेत ओल धरते. कोमट झाली की लगेच पुढचं काम.

मोठ्या जगमध्ये ९०० मिली पाणी आधी, पावडर नंतर, थोडी थोडी, एकीकडे ढवळत. उलटं केलं, म्हणजे पावडरवर पाणी ओतलं, तर खाली दगडासारखा गठ्ठा बसतो. विरघळताना जग हाताला कोमट लागतो, घाबरू नका, तसंच असतं. सुरुवातीला दुधट दिसलं, वीस मिनिटांनी पाण्यासारखं स्वच्छ. गार झाल्यावर पाणी घालून बरोबर एक लिटर केलं. हे द्रावण चांगलंच अल्कली असतं, हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं, डोळ्यात गेलं तर झोंबेल, चष्मा असेल तर घाला. आणि बाटली! दिसायला शुद्ध पाणी. मी जाड एचडीपीई प्लास्टिकचा पांढरा कॅन घेतला, चाळीस रुपये, त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "माशांचं औषध, पिऊ नये" आणि तारीख लिहिली आणि टँकच्या खालच्या कपाटात ठेवली. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कृपा करून भरू नका, घरात लहान मूल असो नसो.

आता डोसचं गणित. या द्रावणाचे १९ मिली १०० लिटर पाण्याचा केएच १ ने वाढवतात. माझ्या १७० लिटरला १ साठी साधारण ३२ मिली. मला ६.४ वरून ८ ला जायचं होतं, म्हणजे १.६, म्हणजे ५२ मिली. हे एका दिवसात ओतायचं नाही. दिवसाला १ डीकेएच ही वरची मर्यादा बहुतेक लोक मानतात, मी अर्ध्यावर राहिले: सकाळी ८ मिली, संध्याकाळी ८ मिली, मेडिकलमधून आणलेल्या दहा मिलीच्या सिरिंजने. संपमधलं पाणी वर टाकणाऱ्या रिटर्न पंपाचं पाणी जिथे जोरात येतं तिथे, हळूहळू. एका जागी भसकन सोडलं तर तिथला पीएच एकदम चढतो आणि पांढरा ढग दिसतो, तो मॅग्नेशियम-कॅल्शियमचा साका असतो, थोडा असेल तर परत विरघळतो पण पंपावर चुना चढायची सुरुवात अशीच होते. एकच डोस द्यायचा असेल तर सकाळचा बरा, रात्रभर अंधार असल्याने पीएच तेव्हा सगळ्यात खाली असतो.

२२ जुलैला पहिला डोस दिला तेव्हा हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. आठ मिली पाणी ते काय, पण क्लाऊनफिश तिथेच येऊन तोंड घालत होते. काही झालं नाही. झोआ मिटले नाहीत, लेदर नेहमीसारखा. तासाभराने पीएच मीटर ७.८ वरून ७.९ च्या जरा वर. दर संध्याकाळच्या डोसआधी केएच मोजत होते, ६.४, मग ६.८, ७.२, गणिताच्या अगदी जवळून चालला होता आणि त्यामुळे १७० लिटरचा माझा अंदाजही खरा निघाला. तुमच्या टँकचं नक्की पाणी किती हे माहीत नसेल तर हीच युक्ती, ठरलेला डोस द्या आणि किती वाढला त्यावरून लिटर काढा.

२५ जुलैला पुण्यात तो प्रचंड पाऊस झाला, सिंहगड रोडला घरांत पाणी शिरलं तो दिवस, आमच्याकडे लाईट सकाळपासून ये-जा करत होती. त्या दिवशी डोस दिला नाही. पंप बंद असेल तर डोस द्यायचा नाही, पाणी फिरत नसताना सगळं एका कोपऱ्यात बसतं. बॅटरीवरचा एअर पंप लावून गप्प बसले. एक दिवस चुकल्याने काहीही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायचा मोह मात्र आवरा.

ऑगस्ट लागायच्या आत ८ झाला. मग पुढचा प्रश्न, रोज किती? याला डोस पूर्ण थांबवून एक आठवडा वाट पाहिली. ८.१ चा ७ झाला. आठवड्याला १.१, म्हणजे रोज साधारण ०.१५, म्हणजे रोज ५ मिली. एका दिवसाच्या फरकावरून हे काढू नका, किटची चूकच तेवढी असते. तेव्हापासून रोज सकाळी चहा टाकला की ५ मिली, रविवारी मोजणी. ज्या आठवड्यात पाणी बदलते त्यात बदलायच्या आधी मोजते, कारण नव्या मिठाच्या पाण्याचा केएच वेगळाच असतो, काही मिठांचा ११-१२ पण असतो, आकडे फिरतात आणि आपण उगाच डोस बदलत बसतो.

कॅल्शियमकडे दुर्लक्ष करता येत नाही. महिन्याला चार-साडेचार डीकेएच खर्च होतोय म्हणजे त्याच हिशेबाने कॅल्शियमही ३० पीपीएम जाणार. माझं थोडंफार पाणीबदलात भरून निघतं, पूर्ण नाही, सप्टेंबरमध्ये ३८५ वर आलं तेव्हा तयार कॅल्शियम क्लोराईड घ्यावं लागलं. दोन्ही कधीही एकत्र मिसळू नका, एकाच सिरिंजने पण नाही, जागच्या जागी खडू तयार होतो. मी अल्कलिनिटी सकाळी आणि कॅल्शियम रात्री देते. मॅग्नेशियम एकदा तपासून घ्या, १२५० च्या खाली असेल तर केएच आणि कॅल्शियम टिकतच नाहीत, कितीही ओता.

गणपतीत सांगलीला जायचं होतं, ७ सप्टेंबरची चतुर्थी. रोजच्या पाच मिलीच्या सिरिंज भरून, टोपणं लावून, प्रत्येकीवर वार लिहून शेजारच्या काकूंकडे दिल्या. कॅन दिला नाही, कुणी प्रेमाने जास्त ओतेल ही भीती. काकूंनी व्यवस्थित दिल्या, आल्यावर केएच ७.९. उडालेल्या पाण्याची भरपाई कशी करायची हे समजावण्यात मात्र जास्त वेळ गेला, ते मिठाचं नाही साधं शुद्ध पाणी घालायचं हे त्यांना पटतच नव्हतं.

खर्च विचाराल तर सोडा साठ, कॅन चाळीस, सिरिंज किरकोळ, वीज एक-दोन युनिट, काटा साडेतीनशे. काटा सोडला तर लिटरभर द्रावण सव्वाशेच्या आत, आणि रोज ५ मिलीने ते सहा महिने पुरतं. नवीन टेस्ट किटला त्याच्या कितीतरी पट गेले. पैसे तिथे घाला, सोड्यावर वाचवा. डोसिंग पंप सध्या तरी नको वाटतोय, पाच मिलीसाठी मशीन कशाला. ज्यांच्याकडे रोज चाळीस-पन्नास मिली लागतं त्यांचं वेगळं.

कॅनच्या तळाला अजून काही बसलेलं नाही. हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून थोडं कार्बोनेट परत बायकार्बोनेट होतं पण त्याने अल्कलिनिटी बदलत नाही, तरी झाकण घट्ट लावते. ८.४ वालं तपासणीचं पाणी मात्र मी साठवत नाही, नवीन किट उघडलं की ताजं करते. उरलेला सोडा, साधारण चाळीस ग्रॅम, सासूबाईंनी ढोकळ्याला घेतला, आधी तीनदा विचारून की हा भाजलेला नाही ना.